विहिरीबद्दल विचारणारी थेरपिस्ट

मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर वळून बघत नव्हता, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "बोलतलो गो, तेचो बापूस पन उशिरानच बोलाक लागलो." पुढे ऑटिझमचं निदान झालं आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनच शब्द लिहून दिले, बिहेविअर थेरपी. कुठली, कोणाकडे, किती दिवस, काही नाही. आता सिंधुदुर्गातल्या माणसाने ही चिठ्ठी घेऊन जायचं कुठे, तर घाट चढून कोल्हापूर, नाहीतर खाली गोवा, नाहीतर रात्रीची गाडी पकडून मुंबई. आम्ही दोन वर्षं हेच केलं, पैसा गेला, एका ठिकाणी साफ चुकलो, आणि आता ओळखीपाळखीतून आयांचे फोन येतात की कुठे जाऊ, म्हणून एकदा नीट लिहितेय.

ही थेरपी चालते कशी ते आधी कळायला हवं, नाहीतर समोरचा माणूस काय करतोय ते आपल्याला कळतच नाही. पाया आहे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम. कुठल्याही वागण्याच्या आधी काहीतरी घडतं, नंतर काहीतरी मिळतं, आणि जे मिळतं त्याच्यावर ते वागणं वाढतं किंवा कमी होतं. आमच्याकडे सकाळी वाटपाला मिक्सर लावला की हा किंचाळायचा, मी घाबरून मिक्सर बंद करायचे, म्हणजे त्याच्या लेखी किंचाळणं हेच मिक्सरचं बटण झालं होतं. यावर एक थेरपिस्ट सांगेल, लक्ष देऊ नका, मिक्सर चालूच ठेवा, थांबेल आपोआप. थांबेलही कदाचित, पण आधी काही दिवस दुप्पट किंचाळेल, हे या शास्त्राला चांगलं माहीत आहे. दुसरी विचारेल, अहो, त्याच्या कानांना तो आवाज सहन होत नसेल का? मग मिक्सर मागच्या पडवीत न्या, लावायच्या आधी त्याला दाखवा, "बंद कर" सांगायला हाताची एक खूण शिकवा आणि सुरुवातीला त्याने खूण केली की खरंच लगेच बंद करा. दोघीही आधी काय घडलं आणि नंतर काय मिळालं हेच बघतायत, पण एकीला घरातला गोंगाट थांबवायचाय आणि दुसरीला मुलाच्या हातात सांगण्याचं साधन द्यायचंय. मला तर निवड करताना हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो.

आम्ही आधी जिथे गेलो तिथे पहिल्या थेरपिस्टसारखाच प्रकार होता. घाटावरच्या शहरात मोठं सेंटर, दार बंद, आई बाहेर बाकड्यावर. आतून "माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ" ऐकू यायचं आणि बघितलं की चिप्सचा एक तुकडा. हात फडफडवला की हात खाली दाबून धरायचे. तो हात फडफडवतो ते आनंद झाला किंवा डोक्यात गर्दी झाली की, त्याने कोणाचं काय बिघडत होतं हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि ते मला अजून लागतं. त्यांचं म्हणणं होतं की आठवड्याला ४० तास हवेत, शहरात खोली घ्या, नाहीतर वेळ निघून जाईल. आमचे हे नोकरी सोडायच्या विचारात होते.

हा ४० चा आकडा येतो कुठून? १९८७ साली लॉस एंजेलिसच्या लोवास या मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास छापला. १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास थेरपी दिली आणि त्यातली ९ मुलं नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या बुद्ध्यांकापर्यंत पोचली असं सांगितलं. जगभरच्या आईबापांना त्यातून आशा मिळाली, ते साहजिकच आहे. पण कोणाला जास्त तास द्यायचे आणि कोणाला कमी, हे त्यात चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि नको त्या वागण्यावर मोठ्याने "नाही" ओरडणं, कधी मांडीवर चापट मारणं हेही त्या थेरपीचा भाग होतं. नंतर २०२४ मध्ये संशोधकांनी १४४ अभ्यास, म्हणजे ९ हजारांहून जास्त मुलं, एकत्र करून तपासली तेव्हा जास्त तास म्हणजे जास्त प्रगती असा संबंध काही सापडला नाही. म्हणजे थेरपीचा उपयोग नाही असं नव्हे हां. पण तासांच्या भीतीने कोणी घरदार हलवायला लावत असेल तर हे वाक्य त्यांच्यासमोर ठेवा.

आणि आपल्या बाजूलाच झालेला एक अभ्यास तर प्रत्येक आईला माहीत हवा. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर तो झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठे तज्ञ नव्हतेच, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते, सहा महिन्यांत १२ भेटी. ते आई आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि मग आईबरोबर बसून तो बघायचे, बघा, इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही थांबला असता तर तो काही सांगणार होता. शेवटी तपासलं तेव्हा आया मुलाच्या कलाने जास्त बोलायला लागल्या आणि मुलं स्वतःहून आईशी संवाद सुरू करायला लागली. म्हणून मी म्हणते, जिथे आईबापाला आत बसायला मनाई आहे तिथून निघा. मूल आठवड्यातले एकदोन तास त्यांच्याकडे असतं, उरलेलं सगळं जगणं आपल्याबरोबर.

आता विहिरीचं. दुसरी थेरपिस्ट आम्हाला भेटली ती पहिल्या दिवशी खेळण्यांचा डबा उघडायच्या आधी जमिनीवर बसली आणि मला विचारलं, घराजवळ विहीर आहे का? कठडा आहे? व्हाळ, म्हणजे ओढा, किती लांब? पाण्याकडे धावतो का? मला कळेना ही हे का विचारतेय, मी बोलण्याबद्दल सांगायला आले होते. तिने सांगितलं की ऑटिझम असलेली खूप मुलं न सांगता घराबाहेर निघून जातात आणि पाण्याची ओढ असली तर थेट पाण्याशी जातात. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात १५ वर्षांखालच्या ऑटिस्टिक मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांच्या १६० पट निघाला होता. आपल्याकडे तर प्रत्येक परड्यात विहीर, मागे व्हाळ, पुढे खाडी, पावसात सगळंच भरलेलं. त्या दिवशी रात्री मला झोप नाही लागली.

आधी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, मग पहिलं उद्दिष्ट लिहिलं गेलं की "थांब" म्हटलं की थांबणे. ते टेबलावर नाही शिकवलं, आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात शिकवलं. तो धावायचा, आम्ही "थांब" म्हणायचो, एक पाऊल जरी थांबला तरी लगेच माडाच्या आळ्यात पाइप धरायला मिळायचा. पाण्याचंच वेड आणि पाणीच बक्षीस, चिप्सची गरजच नाही पडली. पंधरा दिवसांनी चाललंय की नाही ते वहीत खुणा मोजून बघितलं जायचं, नाही चाललं तर ती स्वतःची पद्धत बदलायची, मुलाला हट्टी नाही म्हणायची.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी नंबर असतो, तो बिनधास्त मागा. बीसीबीए हे या थेरपीच्या तज्ञांना मिळणारं अमेरिकेतल्या बोर्डाचं सर्टिफिकेट, २०२३ पासून त्यांनी भारतातून नवीन अर्ज घेणं बंद केलंय, तेव्हा कोणी "आमचे सगळे बीसीबीए" म्हणालं तर नावं विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज मुलासोबत प्रत्यक्ष कोण बसणार ते विचारा, कारण बऱ्याचदा बोर्डावर नाव एकाचं आणि आत चार महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. सरकारी बाजूला जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या लवकर उपचारासाठी डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) या केंद्राची सोय केलेली असते, चौकशी करा. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढता येतो, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेपर्यंत बसतो.

"घरी मालवणी बोलू नका, मूल गोंधळतं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांत वाढलेली ऑटिस्टिक मुलं त्यामुळे मागे पडतात असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि आजी मालवणी सोडून गप्प बसली तर मुलाचं बोलायचं एक माणूसच कमी झालं. तसंच चित्रांच्या कार्डाने किंवा ॲपने मूल बोलायचं आळशी होतं हाही गैरसमज, उलट बऱ्याच मुलांचं बोलणं त्याने थोडं वाढतंच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो ॲप मराठीत आहे, आमच्याकडे "बाहेर" हे चित्र चतुर्थीच्या आरतीत सगळ्यात जास्त दाबलं जातं, आणि ते दाबलं की त्याचा चुलतभाऊ त्याला हात धरून खळ्यात नेतो.

आणि ऑटिझम बरा करून देतो म्हणणारा कोणीही असो, स्टेम सेल (मूळ पेशी) घेऊन बसलेला असला तर तिथे क्षणभरही थांबू नका. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचारच नाही, आणि लाखो रुपये घेऊन हे विकतात.

जागा आवडली तरी वर्षाचे पैसे एकदम भरू नका, एक महिनाच हो म्हणा आणि त्या महिन्यात मुलाकडे बघत राहा. आमचा मुलगा पहिल्या सेंटरच्या जिन्यापाशी आला की बसकण मारायचा, पोट धरायचा, आणि आम्ही त्याला उचलून वर न्यायचो. आता थेरपीच्या दिवशी, सोमवारी सकाळी मी भाकरी भाजत असते तेव्हाच तो चपला घालून, उलट्या पायात का होईना, खळ्यात जाऊन उभा राहतो.