आर्क्टिकचा बर्फ नेमका कशाने घटतो?

ठाणे खाडीला मोठं उधाण आलं की आर्क्टिकच्या वितळत्या बर्फाकडे बोट दाखवलं जातं. हा हिशोब चुकीचा आहे. महासागरावरचा बर्फ मुळात तरंगताच असतो; तो वितळून पातळी जवळजवळ वाढत नाही. पातळी वाढते ती ग्रीनलंड-अंटार्क्टिकासारख्या जमिनीवरच्या बर्फाने आणि पाणी तापून प्रसरण पावल्याने. तरंगता बर्फ गेल्याचं नुकसान वेगळंच आहे: त्याच्याबरोबर ऊन परतवणारं झाकण जातं.

ताज्या हिमाने झाकलेला बर्फ ८० टक्क्यांहून अधिक ऊन परत पाठवतो, उघडं पाणी जेमतेम ६ टक्के. उरलेली उष्णता पाण्यात मुरते आणि शरद ऋतूत गोठण लांबवते. खारं पाणी गोठायला उणे १.८ अंश तापमान लागतं.

ऐंशीच्या दशकात उन्हाळा संपताना, सप्टेंबरमध्ये, साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. २०१२ मध्ये ३४ लाखच उरला. जाडी घटली, हे त्याहून गंभीर. अनेक वर्षं टिकलेला बर्फ ३-४ मीटर जाड आणि उंचसखल असतो, त्यामुळे वितळलेलं पाणी खळग्यांतच साचतं. एका हिवाळ्यात तयार झालेला बर्फ दीड-दोन मीटरचा आणि सपाट. त्यावर तेच पाणी उथळ तळ्यांसारखं दूरवर पसरतं. ही निळसर तळी ऊन शोषतात आणि खालचा बर्फ पोखरतात. नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात तर अटलांटिकचं कोमट पाणी बर्फाला खालूनही खातं.

पातळ बर्फ हिवाळ्यात भरभर वाढतो, म्हणून तो एकदम नाहीसा होत नाही. मूळ कारण मात्र कार्बन डायऑक्साइडच. २०१६ मध्ये नॉट्झ आणि स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी दाखवलं की, एक टन उत्सर्जनामागे सप्टेंबरचा सुमारे ३ चौरस मीटर बर्फ जातो. घोडबंदर ते वाशी, जाऊन-येऊन रोज ५० किलोमीटर, गाडीचं ॲव्हरेज १५, वर्षाला ३०० दिवस धरा. १००० लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे २.३ टन वायू, म्हणजे ७ चौरस मीटर बर्फ: वन-बीएचकेच्या स्वयंपाकघराएवढा, एका गाडीमागे, दरवर्षी.

अंटार्क्टिकाचं गणित निराळं आहे. तिथला समुद्री बर्फ २०१४ पर्यंत किंचित वाढतच होता. २०१६ मध्ये अचानक कोसळला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. तिथे वाऱ्यांची दिशा आणि पृष्ठभागाखालच्या उबदार थरातून वर येणारी उष्णता या दोन गोष्टी निर्णायक ठरतात.