इनडोअर व्हॉलीबॉल स्पर्धेचे आयोजन

बंदिस्त क्रीडागृहात, हाती असलेली कोर्ट आणि मिळालेले तास यांत अनेक संघांचे सामने साखळी व बाद पद्धतीने खेळवून विजेता ठरवण्याची व्यवस्था. आयोजकांचे लक्ष चषकांवर आणि उद्घाटनावर असते. स्पर्धा मात्र फसते ती बहुधा वेळापत्रकात.

व्हॉलीबॉलचा सामना घड्याळावर संपत नाही. प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू मृत होईपर्यंतच्या खेळाला, गुण देण्याची पद्धत १९९८ मध्ये स्वीकारल्यापासून सेटची लांबी बरीच आटोक्यात आली, तरी तीन सेटांचा सामना कधी पाऊण तासात उरकतो, कधी सव्वा तास चालतो. म्हणून आधी कोर्टाचे तास मोजावेत, मग किती संघ घ्यायचे ते ठरवावे. समजा १२ संघ, २ कोर्ट आणि एकच दिवस आहे. चार-चार संघांचे ३ गट केले तर साखळीतच १८ सामने होतात. तीन-तीनचे ४ गट केले तर १२. प्रत्येक गटातून दोन संघ पुढे घेतले की बाद फेरीचे ७ धरून एकूण १९ सामने. दोन कोर्टांवर एका वेळी दोन सामने, म्हणजे त्याच्या १० पाळ्या होतात. ५० मिनिटांची पाळी धरली तरी ८ तास २० मिनिटे लागतात. दुपारी एक पाळी मोकळी ठेवली तर सकाळचा उशीर तिथे भरून निघतो.

तीन संघांच्या गटात एक खोच आहे. सामने कोणत्याही क्रमाने लावले तरी लागोपाठच्या दोन सामन्यांत एक संघ सामाईक येतोच, म्हणजे कोणाला तरी विश्रांती मिळत नाही. यावर उपाय म्हणजे एका कोर्टावर दोन गटांचे सामने आलटून पालटून लावणे. ज्या संघाचा सामना नसतो, त्याच्याकडे गुणलेखन आणि रेषापंचांचे काम देतात.

बाद फेरीत संघांची संख्या ८, १६ अशी भरत नसेल तर काही संघांना पुढे चाल, म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश, द्यावी लागते. ११ संघ असतील तर १६ वजा ११, म्हणजे ५ संघांना. ती पहिल्याच फेरीत आणि मानांकनाच्या क्रमाने द्यावी.

बरोबरीचा नियम पहिल्या सामन्याआधी छापून वाटावा. ‘अ’ने ‘ब’ला २-०, ‘ब’ने ‘क’ला २-१ आणि ‘क’ने ‘अ’ला २-१ हरवले, तर तिघांचा एकेक विजय होतो. जिंकलेल्या सेटांना हरलेल्या सेटांनी भागले की ‘अ’ १.५, ‘क’ १ आणि ‘ब’ ०.६७ असा क्रम लागतो. तेही सारखे आले तर मिळवलेल्या आणि गमावलेल्या गुणांचे गुणोत्तर पाहतात. त्यासाठी हरलेल्या सेटचे गुणही नीट नोंदलेले हवेत.

कोर्ट १८ × ९ मीटर, भोवती किमान ३ मीटर मोकळी जागा आणि वर किमान ७ मीटर अडथळाविरहित उंची. जागा बघायला जाताना मान वर करून बास्केटबॉलचे बोर्ड आणि छताच्या तुळया आधी पाहाव्यात. शेजारी-शेजारी कोर्ट असतील तर मध्ये जाळीचा पडदा हवाच. नाहीतर पलीकडचा चेंडू पायात येतो, खेळाडूचा घोटा मुरगळू शकतो आणि रॅली पुन्हा खेळवावी लागते.

नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर. ती मध्यभागी पट्टीने मोजतात. दोन्ही बाजूरेषांवर उंची एकसारखी असावी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त नसावी. दिवसभरात तार सैल पडते, म्हणून मधूनमधून पुन्हा मोजावे. महिलांचे आणि पुरुषांचे सामने एकाच कोर्टावर आळीपाळीने लावणे ही नेहमीची चूक. दर वेळी नेट १९ सेंटिमीटर वर-खाली करून, ताणून, अँटेना (बाजूरेषांवर नेटला लावायच्या उभ्या काठ्या) पुन्हा बांधण्यात प्रत्येक पाळीची दहा मिनिटे जातात.

मनुष्यबळातली कच्ची कडी म्हणजे गुणलेखक. प्रत्येक सेटआधी प्रशिक्षकाकडून सहा खेळाडूंच्या स्थानांची चिठ्ठी घ्यायची आणि तिच्यावरून सर्व्हिसचा क्रम गुणपत्रकात उतरवायचा. इथे एक क्रमांक चुकला तर रोटेशनचा, म्हणजे खेळाडूंनी क्रमाने जागा बदलण्याचा, वाद सेटच्या मध्यावर उपटतो आणि द्वितीय पंचालाही तो झटपट सोडवता येत नाही. अनोळखी संघातल्या मुलांना हे काम द्यायचे असेल, तर सकाळी अर्धा तास बसवून एक नमुना सेट लिहून घ्यावा.