क्वेरी स्लो का होते: १९७९ च्या अंदाजांपासून आजपर्यंत

डेटाबेसला क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, पाठवून काल चार सेकंदात येणारा रिपोर्ट आज चाळीस मिनिटं फिरत बसतो, कोडमध्ये एक ओळ बदललेली नसते, सर्व्हर तोच असतो, आणि मग सगळ्यांचा पहिला सल्ला ठरलेला, इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, हवी ती नोंद पटकन शोधून देणारी यादी) टाका. मी पण सुरवातीची काही वर्षं हेच करत होतो. कधी फरक पडायचा, कधी अजिबात नाही, आणि का पडला किंवा का नाही पडला हे मात्र कळायचं नाही. ते कळायला लागलं ते हा सगळा प्रकार आला कुठून हे वाचल्यावर, म्हणून ती मागची गोष्ट इथे नीट लिहितोय.

१९७० च्या आधी हा प्रॉब्लेम असा नव्हताच. आयबीएमचं आयएमएस घ्या किंवा चार्ल्स बाकमन यांचं आयडीएस, या जुन्या डेटाबेस सिस्टिममध्ये डेटापर्यंत जायचा रस्ता प्रोग्रॅमर स्वतः लिहायचा, आधी हे रेकॉर्ड उघड, मग त्याच्या पॉइंटरने (त्यात ठेवलेल्या पत्त्याने) पुढच्यावर जा, असं. स्लो झालं तर चूक तुमच्या कोडमध्ये समोर दिसायची. जून १९७० मध्ये एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलचा (सगळा डेटा टेबलांमध्ये मांडायचा) पेपर आला आणि त्यांनी म्हटलं की डेटा मशीनच्या आत कसा ठेवलाय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरजच नको. तुम्ही फक्त काय पाहिजे ते सांगा. कसं आणायचं ते सिस्टिम बघेल.

पण मग ते 'कसं' ठरवणार कोण?

त्याचं उत्तर आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमध्ये सिस्टिम आर या प्रोजेक्टमध्ये सापडलं. पॅट सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पेपर मांडला, आणि आज आपण जो ऑप्टिमायझर किंवा प्लॅनर म्हणतो त्याचा पाया तोच आहे. कल्पना अशी की एकाच क्वेरीचे वेगवेगळे रस्ते काढायचे, प्रत्येकाला डिस्कवरची किती पेजेस वाचावी लागतील आणि सीपीयूचं किती काम पडेल याचा खर्च मांडायचा, आणि सगळ्यात स्वस्त रस्ता घ्यायचा. आता खर्च काढायचा तर कुठल्या अटीतून किती रो (टेबलातल्या ओळी) बाहेर पडतील हे आधी माहीत पाहिजे, आणि क्वेरी चालवण्याआधी ते कसं कळणार, म्हणून अंदाज. त्या पेपरमध्ये आकडे सरळ दिलेत: कॉलम बरोबर अमुक व्हॅल्यू अशी अट असेल आणि इंडेक्स नसेल तर दहातला एक रो धरा, 'पेक्षा मोठं' असेल आणि हिशोब लावता येत नसेल तर तीनातला एक, बिटवीन (या दोन व्हॅल्यूंच्या मधलं) असेल तर चारातला एक. आणि दोन अटी एकत्र आल्या की दोन्ही अपूर्णांकांचा सरळ गुणाकार करा.

हा गुणाकार नीट समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या भानगडी यातून येतात. समजा गाड्यांचं टेबल आहे, १० लाख रो. कंपनीची अट लावली तर दहातला एक रो जुळतो, मॉडेलची लावली तर शंभरातला एक. दोन्ही लावल्या तर प्लॅनर म्हणतो हजारातला एक, म्हणजे १,००० रो. पण ते मॉडेल ती एकच कंपनी बनवते, मॉडेल जुळलं की कंपनी जुळणारच, म्हणून खरे रो १०,०००. दहापट चूक, आणि अजून जॉइन (एक टेबल दुसऱ्याला जोडणं) सुरू पण झालेला नाही. जॉइनमधून ही चूक कशी फुगते ते आयोनिडिस आणि क्रिस्टोडुलाकिस यांनी १९९१ मध्ये गणिताने दाखवलं, जॉइन वाढतील तशी ती घातांकी वेगाने वाढू शकते.

सेलिंजर यांच्या १९७९ च्या पेपरमधली अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टेबलाची आकडेवारी, म्हणजे किती रो आहेत वगैरे, ती प्रत्येक इन्सर्टला (नवीन रो टाकताना) अपडेट करायची नाही असं त्यांनी मुद्दाम ठरवलं, कारण तसं केलं तर सगळे जण एकाच कॅटलॉगवर (ही आकडेवारी ठेवायची जागा) लॉकसाठी, म्हणजे बदल करायची आपली पाळी यायची वाट बघत, खोळंबून बसले असते. निर्णय अगदी बरोबर होता. पण याचा अर्थ आकडेवारी थोडीफार शिळी असणं हे डिझाइनमध्येच आहे. काल चार सेकंद आणि आज चाळीस मिनिटं, याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

उदाहरण देतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये बरीच वर्षं नियम असा होता की टेबलातले साधारण २० टक्के अधिक ५०० रो बदलले की स्टॅटिस्टिक्स, म्हणजे हीच आकडेवारी, आपोआप नवीन करायचे. १० लाखांच्या टेबलात म्हणजे २,००,५०० बदल. आता रोज नवीन तारखेचे १० हजार रो पडतायत आणि रिपोर्ट आजच्या तारखेचा मागतोय, पण हिस्टोग्राम (कुठल्या व्हॅल्यूचे साधारण किती रो याचा तक्ता) थांबलाय आठवड्यापूर्वीच्या तारखेवर. त्यापुढचं प्लॅनरला काहीच माहीत नाही, जुना एस्टिमेटर (अंदाज काढणारा भाग) तिथे १ रो धरायचा. एकच रो असेल तर नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक रोसाठी दुसऱ्यात जाऊन शोधायचं) सगळ्यात स्वस्त, मग तोच घेतला, आणि प्रत्यक्षात तो लूप १० हजार वेळा फिरला. २०१६ च्या व्हर्जनपासून मोठ्या टेबलांसाठी ही मर्यादा खाली आणली. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आजही डीफॉल्ट १० टक्के अधिक ५० रो आहे, म्हणजे टेबल फार मोठं असेल तर ती सेटिंग टेबलापुरती कमी करावी लागते, आणि रात्री बल्क लोड केला (एकदम खूप डेटा भरला) तर लगेच हाताने अनालाइज (आकडेवारी नवीन करायची कमांड) चालवावं, मी स्वतः हे कधीच सोडत नाही.

ओरॅकल या डेटाबेसचा इतिहास जरा वेगळा. तिथे आधी रूल बेस्ड ऑप्टिमायझर होता, १५ पायऱ्यांची ठरलेली यादी, आकडेवारी बघायचीच नाही, इंडेक्स दिसला की घे. लोकांना तो आवडायचा कारण प्लॅन (निवडलेला रस्ता) एकाएकी बदलायचा नाही. ओरॅकल ७ मध्ये, १९९२ च्या सुमारास, कॉस्ट बेस्ड, म्हणजे खर्च मांडून ठरवणारा, आला आणि ओरॅकल १० जी मध्ये जुन्याचा सपोर्ट काढला. 'इंडेक्स असून वापरत का नाही' हा प्रश्न अजून विचारला जातो तो मला वाटतं त्या सवयीतूनच, पण निम्मं टेबल वाचायचंच असेल तर सरळ सगळं टेबल वाचणं खरंच स्वस्त पडतं.

आता शोधायच्या पद्धतीबद्दल. बरीच वर्षं लोक बफर कॅशचा हिट रेशो (डिस्कवर न जाता मेमरीतूनच किती टक्के डेटा मिळाला) बघून ट्यूनिंग करायचे, ९० टक्क्यांच्या वर असेल तर सगळं ठीक. पण वाईट क्वेरी तेच ते ब्लॉक मेमरीतून लाखो वेळा वाचत असेल तर रेशो उलट छान दिसतो, आणि समोरचा माणूस तसाच ताटकळत बसलेला. ओरॅकल ७ मध्येच वेट इव्हेंट आले, म्हणजे सेशन (डेटाबेसशी जोडलेलं एक कनेक्शन) कशासाठी थांबलंय, डिस्कसाठी का लॉकसाठी, आणि किती वेळ. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सेलिंजरच्या पेपरनंतरची सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, कारण वेळ कुठे गेला हा साधा प्रश्न पहिल्यांदा थेट विचारता आला. क्वेरी स्लो आहे का नुसती दुसऱ्याच्या लॉकसाठी अडकलीय हे आधी बघायचं ते यामुळेच, अडकली असेल तर प्लॅन कितीही सुधारा, काही होणार नाही.

मायएसक्यूएल या डेटाबेसवाल्यांचा रस्ता होता स्लो क्वेरी लॉग, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चाललेल्या क्वेरींची नोंद. त्याचा डीफॉल्ट १० सेकंद आहे, आणि ५.१ मधल्या सुधारणेआधी तो १ सेकंदाच्या खाली नेताच यायचा नाही. म्हणून ०.३ सेकंदाची क्वेरी एका पानासाठी २०० वेळा चालली, म्हणजे एकूण पूर्ण ६० सेकंद, तरी लॉगमध्ये तिचं नावही नाही. यावर पोस्टग्रेसमध्ये २००९ च्या ८.४ व्हर्जनमध्ये पीजी स्टॅट स्टेटमेंट्स आलं, ते एकसारख्या क्वेरी एकत्र करून एकूण वेळ सांगतं, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ ला क्वेरी स्टोअर आलं, ते जुने प्लॅन पण जपून ठेवतं, त्यामुळे कालचा प्लॅन आणि आजचा प्लॅन शेजारी ठेवून बघता येतो.

पण मी सगळ्यात जास्त वापरतो ती क्वेरीचा प्लॅन दाखवणारी कमांड, एक्सप्लेन अनालाइज. पोस्टग्रेसमध्ये ते २००२ च्या ७.२ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये यायला २०१९ उजाडलं, ८.०.१८ मध्ये, आणि त्याच रिलीजमध्ये तिथे हॅश जॉइन (एका टेबलाचा मेमरीत तक्ता करून दुसरं त्याच्याशी जुळवायचं) पण आला, तोपर्यंत सगळे जॉइन नेस्टेड लूपच्याच कुठल्या ना कुठल्या प्रकाराने व्हायचे. नुसतं एक्सप्लेन फक्त अंदाज दाखवतं, अनालाइज क्वेरी खरोखर चालवतं (म्हणून अपडेट किंवा डिलीटवर लावताना ट्रान्झॅक्शनमध्ये लावा आणि रोलबॅक करा, म्हणजे झालेले बदल मागे घ्या) आणि अंदाजाशेजारी खरा आकडा ठेवतं. पोस्टग्रेसचं आउटपुट वाचताना एक गोष्ट बरेच जण चुकवतात. आतल्या इंडेक्स स्कॅनवर वेळ ०.०५ मिलिसेकंद दिसतो आणि वाटतं हा तर निर्दोष आहे, पण तो एका फेरीचा सरासरी वेळ असतो, पुढे लूप्स ४०,००० लिहिलेलं असेल तर गुणाकार करा, २ सेकंद तिथेच गेले. आणि मग वर बघा, त्या लूपला रो पुरवणाऱ्या नोडवर (प्लॅनमधली एक पायरी) अंदाज १ आणि खरे ४०,०००. स्लो नोड खाली दिसतो आणि चूक असते वरच्या नोडच्या अंदाजात, म्हणून अंदाज आणि खरा आकडा यांच्यात पहिली मोठी फट कुठे पडली ते मी आधी शोधतो, वेळ नंतर बघतो.

२०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांच्या खऱ्या डेटावर वेगवेगळ्या डेटाबेसचे ऑप्टिमायझर तपासले आणि निष्कर्ष असा निघाला की कॉस्टचं सूत्र थोडं इकडेतिकडे झालं तरी फार बिघडत नाही, बिघडतं ते रोंच्या संख्येचा अंदाज चुकल्याने. दोन वर्षांनी, २०१७ च्या पोस्टग्रेस १० मध्ये, क्रिएट स्टॅटिस्टिक्स आलं. गाड्यांच्या टेबलात कंपनी आणि मॉडेल एकमेकांवर अवलंबून आहेत असं सांगून अनालाइज केलं की अंदाज १,००० वरून १०,००० च्या जवळ जातो. पण हे एकाच टेबलातल्या कॉलमांपुरतं. कंपनी एका टेबलात आणि मॉडेल दुसऱ्यात असेल तर जॉइनचा अंदाज काढताना ही जास्तीची आकडेवारी वापरली जात नाही, तिथे अजून १९७९ चाच गुणाकार चालतो.