विलगीकरणाच्या टाकीतले आकडे

घरच्या टाकीत पाळलेला खाऱ्या पाण्यातला मासा परजीवीमुळे आजारी पडला, अंगावर ठिपके उठले, की अनुभवी माणूस जो सल्ला देतो तो बहुतेक आकड्यांचा असतो. मासा वेगळ्या टाकीत काढा, पाण्यातले तांबे लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास धरून ठेवा, ३० दिवस थांबा, मुख्य टाकी ७६ दिवस माशांशिवाय चालू द्या. तांबे नको असेल तर दर ३ दिवसांनी टाकी बदला. यामागचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. मग दहाव्या दिवशी ठिपके गेलेले दिसतात, मासा खायला लागतो आणि त्याला परत मुख्य टाकीत सोडले जाते. दोन-तीन आठवड्यांत सगळी टाकी आजारी पडते. हे इतक्या वेळा घडते, आणि इतके मासे त्यात विनाकारण जातात, की हे आकडे कुठून आले ते नीट सांगणे मला गरजेचे वाटते. ते माशाच्या तब्येतीवरून काढलेले नाहीत, परजीवीच्या जीवनचक्रावरून काढलेले आहेत. ते जीवनचक्र उलगडून त्यावर उपाय बसवायला साधारण साठ वर्षे गेली.

सुरुवात बंदिस्त पाण्यापासून करावी लागते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले तेव्हा समुद्रापासून दूर खारे पाणी टिकवायचे कसे, हीच मुख्य अडचण होती. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रपाण्याची कृती प्रसिद्ध केली. १८७१ मध्ये सुरू झालेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी मोठ्या अंधाऱ्या हौदातून तेच पाणी सतत फिरवत ठेवण्याची व्यवस्था बसवली. पाणी टिकले, आणि त्याबरोबर पाण्यात जे काही होते तेही टिकले. मोकळ्या समुद्रात परजीवीची शेकडो पिल्ले सुटतात आणि त्यांतल्या फारच थोड्यांना मासा सापडतो, बाकीची वाहून जातात. टाकीत वाहून जायला जागाच नाही. समुद्रात माशाच्या अंगावर दोन-चार असणारा जीव टाकीत काही आठवड्यांत हजारोंनी वाढतो. म्हणूनच खाऱ्या पाण्यातल्या माशांचे बरेचसे मोठे आजार समुद्रात न सापडता आधी सार्वजनिक मत्स्यालयांत सापडले.

यात न्यूयॉर्क मत्स्यालयाचा वाटा फार मोठा आहे. १८९६ ते १९४१ या काळात ते मॅनहॅटनच्या टोकाला, बॅटरी पार्कमधल्या जुन्या किल्ल्यात होते. तिथल्या माशांच्या त्वचेवर आणि डोळ्यांवर चिकटणाऱ्या एका चपट्या कृमीचे वर्णन जॉर्ज मॅकॅलम यांनी १९२७ मध्ये केले आणि त्याला तिथे काम करणाऱ्या आयडा मेलन यांचे नाव दिले. आज हा कृमी निओबेनेडेनिया मेलेनी म्हणून ओळखला जातो. जिवंत असताना तो जवळजवळ पारदर्शक असतो, त्यामुळे मासा अंग घासतो, डोळे धुरकट होतात, पण दिसत काहीच नाही. माशाला काही मिनिटे गोड्या पाण्यात धरले की कृमी पांढरे पडून गळतात आणि भांड्याच्या तळाशी मोजता येतात. तपासणी आणि उपचार दोन्ही एकदम करणारी इतकी साधी युक्ती या क्षेत्रात दुसरी नाही. फक्त त्या कृमीची अंडी गोड्या पाण्यातल्या बुडवणीने संपत नाहीत, कारण ती माशावर नसून टाकीत कुठेतरी अडकलेली असतात. आणखी एक गोष्ट तिथेच हाती आली. रॉस निग्रेली आणि चार्ल्स ब्रेडर यांनी १९३४ मध्ये दाखवले की सगळ्या जातींना हा कृमी सारखा लागत नाही, आणि एकदा त्यातून वाचलेले काही मासे पुढे त्याला दाद देत नाहीत. माशांच्या प्रतिकारशक्तीची ही चर्चा पुढे पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा वर आली.

लंडनमध्ये त्याच सुमारास दुसराच जीव मासे मारत होता. तिथल्या मत्स्यालयातल्या माशांच्या कल्ल्यांवर सापडलेल्या एकपेशीय परजीवीचे वर्णन ई. एम. ब्राउन यांनी १९३१ मध्ये केले. आपण ज्याला 'व्हेल्वेट' म्हणतो तो हा, आजच्या नावाने ॲमिलोओडिनियम ओसेलॅटम. १९३४ मध्ये ब्राउन यांनी आणि १९३६ मध्ये निग्रेली यांनी त्याचे पूर्ण चक्र मांडले. त्याच्या तीन अवस्था आहेत. पहिलीत तो कल्ल्यावर रुतून बसतो आणि माशाला खातो. दुसरीत सुटून तळाशी जातो, कवच धरतो आणि विभागत राहतो. एकातून २५६ पर्यंत पिल्ले होतात. तिसरीत ही पिल्ले पोहत नवा मासा शोधतात. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, म्हणजे समुद्री 'इक', याचेही चक्र असेच निघाले. त्याचे वर्णन जपानमध्ये सिकामा यांनी १९३० च्या दशकात केले होते. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव पुन्हा ब्राउन यांनीच १९५१ मध्ये दिले. १९६६ मध्ये निग्रेली आणि रुजिएरी यांनी न्यूयॉर्क मत्स्यालयात त्याने घातलेल्या साथींचा तपशील प्रसिद्ध केला.

या तीन अवस्था ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. माशावरचा परजीवी त्वचेत किंवा कल्ल्यात रुतलेला असतो, औषध तिथवर पोचत नाही. तळाशी असलेला कवचात असतो, तिथेही ते पोचत नाही. उघडा पडतो तो फक्त पोहणारा, आणि तोही मासा सापडेपर्यंतच. दहाव्या दिवशी ठिपके गेले म्हणजे परजीवी माशावरून उतरला एवढेच. तो मेलेला नसतो, तळाशी विभागत असतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये व्हेल्वेटवर मोरचूद वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. तांबे नेमके त्या पोहणाऱ्या पिल्लांना मारते. विरघळलेले तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतके सतत राहिले तर परजीवी मरतो आणि बहुतेक मासे तगतात. त्याच्या खाली गेले तर उपयोग नाही, फार वर गेले तर मासाच मरतो. आणि समुद्राच्या पाण्यात ही पातळी टिकवणे अतिशय कठीण, कारण पाणी अल्कधर्मी असते आणि तांबे कार्बोनेट होऊन खाली बसते. वाळू आणि प्रवाळाचे सांगाडे ते शोषून घेतात. म्हणून आधी सायट्रिक आम्लाबरोबर, मग इतर रेणूंना बांधून ठेवलेले तांबे वापरात आले. बांधलेल्या तांब्याची मात्रा साधारण दहापट, लिटरला १.५ ते २ मिलिग्रॅम. या दोन आकड्यांची गल्लत आजही होते. साध्या मोरचुदाच्या टाकीत कुणी २ मिलिग्रॅम गाठायला गेले तर सकाळी मासे जिवंत नसतात, आणि बांधलेले तांबे ०.२० वर ठेवले तर महिनाभर उपचार करूनही काही होत नाही.

१९६० च्या दशकात हे औषध घरोघरी पोचले. जेट विमाने आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांमुळे उष्ण समुद्रांतले मासे दोन-तीन दिवसांत जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागले, आणि १९६४ पासून तयार समुद्री मीठ पाकिटातून मिळू लागले. मासे येत ते थकलेले, अनेक ठिकाणांच्या पाण्यात मिसळलेले. फिलिपाइन्समधून येणारे अनेक मासे तर सायनाइड फवारून पकडलेले असत. त्यांचे यकृत आधीच बिघडलेले असे. त्या काळच्या टाकीत मासे आणि सुकवून पांढरे केलेले प्रवाळाचे सांगाडे एवढेच असायचे. आजार दिसला की तांबे सरळ मुख्य टाकीत घालत. वेगळी टाकी ठेवण्याची सक्ती नव्हती.

ती सक्ती जिवंत प्रवाळांनी आणली. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६० च्या सुमारास जिवंत खडक (जिवाणू आणि छोटे जीव वस्तीला असलेले समुद्रातले खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळांची टाकी चालवून दाखवली होती, पण घरगुती छंदात ही पद्धत रुजली ती १९८० च्या दशकात, आधी युरोपात आणि १९८६ च्या सुमारास अमेरिकेत. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी, समुद्री साळू यांना तांबे अगदी थोडेही विषारी ठरते. खडकांनी शोषलेले तांबे पुढे हळूहळू सुटत राहते, ते वेगळेच. म्हणजे टाकी सुंदर झाली आणि औषध घालण्याची एकमेव जागा बंद झाली. आजच्या घरगुती विलगीकरणाच्या टाकीचा खरा उगम मला इथे दिसतो. नव्या माशावर नजर ठेवणे हा हेतू होताच, पण औषध मुख्य टाकीतून हद्दपार झाल्यावर त्याला कुठेतरी जागा हवी होती. म्हणूनच ही टाकी उघडीबोडकी असते. वाळू नाही, खडक नाही, लपायला प्लास्टिकच्या नळ्या. तांबे शोषणारे काहीही नको. त्याची किंमत मासा अमोनियाच्या रूपाने मोजतो, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू ज्यावर राहतात तेच आपण काढून टाकलेले असते. विलगीकरणात मेलेल्या माशांपैकी बरेच आजाराने नाही तर अमोनियाने मेलेले असतात, असे माझे ठाम मत आहे. आधीपासून मुरवलेला, म्हणजे हे जिवाणू वस्तीला आलेला स्पंज आणि रोजची चाचणी या दोन गोष्टींना पर्याय नाही.

उरलेले आकडे इस्राएलमधल्या एलात इथून आले, आणि ते शोभेच्या माशांसाठी काढलेलेच नव्हते. तिथे सी-ब्रीम या खाण्याच्या माशाची शेती होती आणि समुद्री इकने ती धोक्यात आली होती. अँजेलो कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये कमी क्षारतेचा उपाय मांडला. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. ते १६ ग्रॅमपर्यंत खाली आणले तर कवचातला परजीवी तग धरत नाही, मासा मात्र धरतो. १९८७ मध्ये त्यांनी औषधाशिवायचा मार्ग दिला: दर ३ दिवसांनी, एकूण ४ वेळा, मासा धुऊन वाळवलेल्या आणि नव्या पाण्याने भरलेल्या टाकीत हलवायचा. परजीवी माशावर ३ ते ७ दिवस राहतो आणि तळाशी गेल्यावर पिल्ले सोडायला त्याला किमान ३ दिवस लागतात. आपण त्याआधीच मासा उचलतो, कवचे मागे राहतात आणि ती टाकी धुऊन वाळवली की काम झाले. व्हेल्वेटवर ही पद्धत चालत नाही, त्याची पिल्ले त्याहून लवकर सुटतात.

कवचांतून पिल्ले एकाच वेळी सुटत नाहीत हेही याच संशोधनातून पुढे आले. बहुतेक पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतात, पण नोंदलेली मुदत ३ पासून ७२ दिवसांपर्यंत पसरलेली आहे. मुख्य टाकीच्या ७६ दिवसांचा उगम हा: ७२ आणि वर थोडी सावधगिरी. पाणी २७ अंशांवर ठेवल्यास ४५ दिवस पुरतात असे हल्ली अनेकजण मानतात. तांब्याचे ३० दिवसही यातूनच समजतात. माशावरचा परजीवी आठवड्यात उतरतो, पण त्याच टाकीत पडलेली कवचे नंतरही फुटत राहतात. चौदाव्या दिवसानंतर मासा स्वच्छ टाकीत हलवणार असाल तर एवढे थांबायची गरज पडत नाही.

बाकीची औषधे माणसांच्या आणि जनावरांच्या औषधांतून आली. हिवतापावरचे क्लोरोक्वीन १९८० च्या दशकात व्हेल्वेटवर तपासले गेले. १९७० च्या दशकात तयार झालेले प्राझिक्वांटेल आज चपट्या कृमींवर पहिली पसंती आहे. क्लाउनफिशवर सर्रास आढळणाऱ्या ब्रुकलिनेला होस्टिलिस या एकपेशीय परजीवीचे वर्णन लोम आणि निग्रेली यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयातल्या माशांवरून केले, तेव्हा ते मत्स्यालय ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर गेलेले होते. त्यावर तांबे चालत नाही, फॉर्मॅलिनच लागते, आणि तेही लगेच.

समुद्री इक हा गोड्या पाण्यातल्या इकचा भाऊबंद आहे ही समजूत फार काळ टिकली. २००२ च्या सुमारास राइट आणि कोलोर्नी यांनी जनुकीय तुलनेतून दाखवले की दोघे वेगवेगळ्या वर्गांतले आहेत, ठिपके तेवढे सारखे. पाणी तापवून इक घालवण्याचा सल्ला गोड्या पाण्यातून उसना आलेला आहे. खाऱ्या पाण्यात त्याने चक्र फक्त वेगाने फिरते.

आज वाद आहे तो प्रत्येक नव्या माशाला आजार नसतानाही औषध द्यावे की नुसते निरीक्षणात ठेवावे, याचा. बर्जेस आणि मॅथ्यूज यांनी १९९५ मध्ये दाखवले की इकमधून उठलेल्या मासळीला सहा महिन्यांपर्यंत संरक्षण राहते. त्याआधी १९९४ मध्ये त्यांनी परजीवीचा एकच वाण माशांवर पिढ्यान् पिढ्या वाढवला, तेव्हा ३४ चक्रांनंतर, दहा-अकरा महिन्यांत, तो क्षीण होऊन संपला. निरीक्षणवादी या दोन प्रयोगांचा आधार घेतात. पण त्या संरक्षणाआधी माशाला आजारातून वाचावे लागते, आणि कल्ले झाकून टाकणाऱ्या व्हेल्वेटमध्ये तेवढी सवड मिळत नाही. व्हेल्वेट कमी क्षारतेतही जगतो. इतकेच नव्हे, तैवानमध्ये २००३ साली इकचाच असा वाण नोंदवला गेला जो लिटरला ५ ग्रॅम क्षारतेच्या पाण्यातही साथ पसरवत होता. त्यामुळे क्षारता उतरवण्याआधी कल्ल्याचा किंवा त्वचेचा खरवडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे भाग आहे. दिसणारा जीव केसाळ आणि पोहणारा आहे की गोल, स्थिर आणि गडद, एवढे कळले तरी कोणती बाटली उघडायची हे ठरते.