स्ट्रॅटेजी कुणाची: एमडीची की संचालक मंडळाची?

कंपनीची स्ट्रॅटेजी कोण ठरवतं, असं विचारलं की बहुतेक जण ‘बोर्ड’ म्हणजे संचालक मंडळ असं म्हणतात. मग एमडी, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक, काय करतो? तर बोर्डाने ठरवलेलं अमलात आणतो. ऐकायला हे सरळ वाटतं, पण चांगल्या कंपन्या अशा चालत नाहीत. स्ट्रॅटेजी घडवण्याची जबाबदारी एमडीची, किंवा सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) असेल तर त्याची. संचालक मंडळाची जबाबदारी वेगळी आहे आणि माझ्या मते ती तसूभरही सोपी नाही: पुढे आलेली स्ट्रॅटेजी कसून तपासायची, पटली तर तिच्यामागे उभं राहायचं, आणि ती घडवणारा माणूसच बदलायची वेळ आली तर तो निर्णयही घ्यायचा.

घोळाचं मूळ रचनेतच आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे व्यवस्थापकीय संचालक हा स्वतः मंडळाचा सदस्य असतो. प्रस्ताव तोच मांडतो आणि ठराव करणाऱ्यांतही तोच असतो. त्यात कलम १७९ सांगतं की नव्या व्यवसायात उतरणं, दुसरी कंपनी ताब्यात घेणं किंवा विलीनीकरणाला मंजुरी देणं, हे मंडळाच्या बैठकीत ठराव करूनच व्हायला हवं. एमडीने परस्पर सही करून भागत नाही. त्यावरून लोकांना वाटतं, स्ट्रॅटेजी मंडळच आखतं. पण ठराव करण्याचा अधिकार एकाकडे आणि ठरावात काय असावं हे शोधून काढायचं काम दुसऱ्याकडे असू शकतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठीचे सेबीचे, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे, नियमही मंडळाकडून स्ट्रॅटेजीचा आढावा आणि मार्गदर्शन यांचीच अपेक्षा करतात.

वेळेचा हिशेबही पाहा. काही छोट्या कंपन्या सोडल्या, तर कायद्याने मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका लागतात आणि दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. मंडळ याहून जास्त वेळा भेटलं, तरी स्वतंत्र संचालक, म्हणजे मालक किंवा नोकरदार नसलेला बाहेरचा सदस्य, रोज कंपनीत नसतो. कुठल्या डीलरने ऑर्डर कमी केली, कुठला इंजिनिअर सोडून गेला, कुठल्या मोठ्या ग्राहकाने दर पाडून मागितला, हे त्याच्यापर्यंत पोचतं ते तिमाहीच्या आकड्यांत मुरून. स्ट्रॅटेजी मात्र याच तपशिलांतून घडते.

इंटेलचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. १९६८ मध्ये सुरू झालेली ही अमेरिकन कंपनी मेमरी चिपवर, म्हणजे संगणकात माहिती साठवणाऱ्या चिपवर, मोठी झाली. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांनी त्या बाजारात तिला जेरीस आणलं. १९८५ मध्ये कंपनीचे प्रेसिडेंट अँडी ग्रोव्ह यांनी सीईओ गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मेमरीतून बाहेर पडेल, असं मूर म्हणाले. मग ते आपणच का करू नये, असा ग्रोव्ह यांचा पुढचा सवाल होता. इंटेलने मेमरी सोडली आणि सारा भर मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपवर, दिला.

ही गोष्ट बहुधा इथेच थांबवली जाते, पण खरी शिकण्याजोगी बाब त्याआधीची आहे. इंटेलच्या कारखान्यांत कुठलं उत्पादन किती काढायचं हे ठरवण्याचा नियम होता: ज्यात नफा जास्त, त्याला क्षमता जास्त. या नियमाने चालणाऱ्या मधल्या फळीतल्या माणसांनी वरून कुठलाही आदेश नसताना उत्पादन हळूहळू मेमरीकडून मायक्रोप्रोसेसरकडे वळवलं होतं. म्हणजे कारखाना आधी वळला, वरच्यांचं मन नंतर. तरीही जबाबदारी मधल्या फळीवर टाकता येत नाही. संशोधनाचा पैसा हलवणं, जुन्या ग्राहकांना नकार कळवणं, माणसं कमी करणं, हे रोज आत असलेल्या आणि पूर्ण अधिकार हाती असलेल्या माणसालाच जमतं. खालून येणारी खूण ओळखायची आणि तिला कंपनीचा निर्णय बनवायचं, हेच एमडीचं काम.

मंडळाचं काम चुकलं तर काय होतं हे हैदराबादच्या ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीत दिसलं. १६ डिसेंबर २००८ रोजी तिच्या मंडळाने ‘मायटास’ नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घ्यायचा ठराव एकमताने केला. सॉफ्टवेअर कंपनी बांधकाम आणि जमिनीच्या धंद्यात जाणार होती, आणि त्या दोन्ही कंपन्या अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी जोडलेल्या होत्या. मंडळावर मॅनेजमेंटचे नावाजलेले प्राध्यापक होते. गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांत प्रस्ताव मागे घ्यावा लागला. जे मंडळाने थांबवायला हवं होतं, ते बाजाराने थांबवलं. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला राजू यांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली. मायटासचा व्यवहार म्हणजे हिशेबात दाखवलेल्या खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असं त्यांनीच लिहिलं.

सत्यमच्या मंडळाने वेगळी स्ट्रॅटेजी लिहायची गरज नव्हती. या धंद्याची आपल्याला काय माहिती, किंमत कुणी ठरवली, पैसा कुणाच्या घरी जातो, या तीन प्रश्नांची पटणारी उत्तरं मिळेपर्यंत ठराव अडवायचा, एवढं पुरेसं होतं. नाही म्हणता येणं ही मंडळाची खरी ताकद आहे.

स्ट्रॅटेजी विभाग आणि बाहेरचे सल्लागार यांच्याबद्दल फार लिहायला नको. ते माहिती जमवतात, पर्याय मांडतात. निर्णय फसला तर त्यांना जाब विचारता येत नाही, म्हणून जबाबदारीही त्यांच्याकडे देता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त अवघड होतो तो घरच्या कंपन्यांत. चाकण, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत अशा प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या सापडतात, जिथे वडील चेअरमन, मुलगा एमडी आणि आई तिसरी संचालक. नवीन मशीनसाठी मोठं कर्ज काढायचं ठरतं जेवताना, आणि ठराव सीए नंतर लिहून आणतो. इथे प्रस्ताव मांडणारा आहे, पण तपासणारा कुणी नाही. कायदा अशा छोट्या कंपनीला स्वतंत्र संचालक नेमायला लावत नाही. तरी मी म्हणेन, नात्यात नसलेला, धंदा जाणणारा एक माणूस मंडळावर घ्यावाच. मुलाने प्रस्ताव लेखी द्यावा, सोबत सोडून दिलेला पर्यायही लिहावा, आणि निर्णयाची बैठक बँकेकडे अर्ज जाण्याआधी व्हावी.