डेप्थ ऑफ फील्ड : सेन्सर आणि अ‍ॅपर्चर

छायाचित्रात ज्या अंतरापासून ज्या अंतरापर्यंतच्या वस्तू स्पष्ट दिसतात, त्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. लेन्सचा नेमका फोकस एकाच अंतरावर असतो. त्याच्या पुढेमागे प्रत्येक बिंदूची चकती होत जाते. ३६ × २४ मिमीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर ही चकती ०.०३ मिमीपेक्षा लहान असेल, तोवर नेहमीच्या आकाराच्या प्रिंटमध्ये डोळा तिला बिंदूच मानतो. हा आकडा निसर्गनियम नव्हे, पाहणाऱ्याच्या नजरेवरून ठरवलेला संकेत आहे.

अ‍ॅपर्चरचे, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश येण्याच्या छिद्राचे, गणित सरळ आहे. एफ-आकडा म्हणजे फोकल लेन्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागिले या छिद्राचा व्यास; आकडा वाढला की छिद्र लहान होते आणि डेप्थ वाढते. फुल-फ्रेमवर ५० मिमी लेन्सने २ मीटरवरचा चेहरा टिपताना एफ २ ला सुमारे १९ सेंमी पट्टा मिळतो, एफ ८ ला सुमारे ७८ सेंमी.

सेन्सरबाबत मात्र गोंधळ फार. ‘लहान सेन्सर, जास्त डेप्थ’ हे अर्धेच खरे आहे. लेन्स, अंतर आणि एफ-आकडा तोच ठेवून नुसता सेन्सर लहान केला, तर त्याच मापाच्या प्रिंटसाठी चित्र अधिक मोठे करावे लागते. चकत्याही मोठ्या होतात आणि डेप्थ उलट घटते. पण व्यवहारात चौकटीत तेवढेच दृश्य हवे असते, म्हणून लहान सेन्सरवर कमी फोकल लेन्थची लेन्स लावतात. मायक्रो फोर थर्ड्सवर (फुल-फ्रेमच्या साधारण निम्म्या लांबी-रुंदीच्या सेन्सरवर) २५ मिमी, एफ २ ला त्याच २ मीटरवर सुमारे ३८ सेंमी पट्टा मिळतो. फुल-फ्रेमवर ५० मिमी, एफ ४ ला मिळतो तेवढाच. दोन्हीकडे अ‍ॅपर्चरचा व्यास १२.५ मिमी आहे. दृश्यकोन आणि अंतर सारखे असेल, तर डेप्थ ठरते ती या व्यासावरून, आणि नवशिक्याने हेच आधी समजून घ्यावे. फोनमधली ६ मिमीची लेन्स एफ १.८ असली तरी तिचे छिद्र जेमतेम ३.३ मिमीचे असते, म्हणून पोर्ट्रेट मोडमध्ये पार्श्वभूमी सॉफ्टवेअरने धूसर करावी लागते.

उलट टोकाला ८ × १० इंची निगेटिव्ह. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृती छायाचित्रकारांनी १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या गटाने ‘एफ ६४’ हे नाव घेतले. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर एफ ६४ ला मिळणारी डेप्थ फुल-फ्रेमवरच्या साधारण एफ ९ इतकीच असते. विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) येणारा मऊपणाही दोन्ही प्रिंटमध्ये जवळपास सारखाच राहतो. फुल-फ्रेमवर मात्र एफ ६४ लावले, तर त्याच विवर्तनाने बारीक तपशील पुसला जातो.