विद्यापीठाची मान्यता की राष्ट्रीय संघटनेचा चार्टर?

अमेरिकेतल्या कॉलेजात नवी फ्रॅटर्निटी, म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव घेणारी मुलांची सदस्य-संघटना, काढणारी मुलं या दोन कागदांची हमखास गल्लत करतात. मान्यता विद्यापीठ देतं, चार्टर, म्हणजे आपली शाखा म्हणून चालण्याची सनद, फ्रॅटर्निटीची राष्ट्रीय संघटना देते. एक हातात आला म्हणून दुसरा मिळतोच असं नाही.

मान्यतेचं काम त्यामानाने सरळ आहे. नियमावली, पदाधिकाऱ्यांची यादी, एक सल्लागार आणि ठरलेली किमान सदस्यसंख्या दाखवली की बहुतेक ठिकाणी भागतं. मग कॅम्पसवरची सभागृहं मिळतात, अधिकृत भरतीत उतरता येतं.

खरा वेळ चार्टरला लागतो. काही वेळा राष्ट्रीय संघटनाच माणसं पाठवून भरती करते. नाहीतर मुलं आधी स्वतःची 'लोकल', म्हणजे कुठल्याही राष्ट्रीय संघटनेशी न जोडलेली फ्रॅटर्निटी, काढतात, स्वतःची ग्रीक अक्षरं आणि विधी ठरवतात आणि मग अर्ज करतात. अर्ज मंजूर झाला तरी लगेच चॅप्टर, म्हणजे पूर्ण शाखा, होत नाही, आधी कॉलनी, म्हणजे उमेदवारीतली शाखा. अलीकडे अनेक संघटनांनी हा शब्द टाकून 'असोसिएट चॅप्टर' वगैरे नावं घेतली आहेत, टप्पा मात्र तोच. या काळात सदस्यसंख्या, सरासरी गुण, वर्गणी, विमा आणि माजी सदस्यांचं सल्लागार मंडळ एवढं जमवावं लागतं. ते जमलं की दीक्षाविधी होतो आणि चार्टर हाती येतो. लोकलची जुनी अक्षरं तिथे सुटतात. लोकलमधून आधीच पदवी घेऊन गेलेल्यांना दीक्षा मिळणार का, हे अर्ज करण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावं. नंतर त्यावरूनच भांडणं होतात.

कॉलनी बुडते ती बहुधा शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या भरवशावर आकडा गाठल्यामुळे. मे महिन्यात ती पदवी घेऊन जातात आणि संख्या कोसळते. पहिल्या-दुसऱ्या वर्षातलेच जास्त घ्यावेत. दुसरी चूक यादीची: राष्ट्रीय संघटनेचं वर्गणीचं बिल यादीतल्या नावांप्रमाणे दरडोई येतं, त्यामुळे सोडून गेलेल्यांची नावं वेळेत काढली नाहीत तर त्यांचे पैसेही उरलेल्यांच्या बोकांडी बसतात.

कोणता कागद गेला यावर परिणाम ठरतो. चार्टर गेला की अक्षरं वापरता येत नाहीत. घर मात्र अनेकदा माजी सदस्यांच्या वेगळ्या कंपनीच्या नावावर असतं, ते आपोआप जात नाही. मान्यता नसली तरी चॅप्टर चालू राहू शकतो. बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात २००५ साली फ्रॅटर्निटींनी विद्यापीठाच्या नव्या करारावर सही करायला नकार दिला आणि त्या कॅम्पसबाहेर स्वतंत्रपणे चालू राहिल्या.